माझ्या तासातले नांगे

आसेगावच्या फाट्यावर बसची वाट बघत उभी होते तेव्हा माझ्या नखांत ओली काळी माती होती. बॅगेत बडोद्याच्या आर्ट कॉलेजचं पत्र होतं आणि मागे अर्धवट राहिलेलं पेरणं. सकाळपासून नाल्याकाठच्या तिरप्या तुकड्यात मी सरत्यावर होते. सरता म्हणजे तिफणीमागे दोरीने ओढत न्यायची बांबूची नळी. तिच्या तोंडात मुठीतून तुरीचा एकेक दाणा सोडत चालायचं. दहाच्या सुमारास बाबांनी बैल थांबवले, सरता माझ्या हातून घेतला आणि वहिनीच्या हातात दिला. दादाशी लग्न होऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. "जाय तू," बाबा म्हणाले, "पेरणं काई थांबत नाई." ते मला धीर देत होते. मला मात्र ते अजून लागतं.

तुमच्यापैकी ज्यांनी सरता धरलाय त्यांना सांगायला नको. बोट जरा थबकलं की तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, तेवढी जागा रिकामी राहते. अशा जागांना आपण नांगे म्हणतो. पेरताना काही दिसत नाही. आठ दिवसांनी पीक वर आलं की रस्त्याने जाणारासुद्धा सांगतो, हे कोणाचं पेरणं. माझे नांगे गावाला पाठ होते. बाबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभे राहून विचारायचे, "बोटं झोपली काय वं तुही?" आणि मी निघाले त्याच वर्षी, हॉस्टेलवर असताना, फोनवर मोठ्या कौतुकाने सांगू लागले, "सून आली अन् नांगे गेले पाह्य." मी फोन ठेवला आणि रडले. गाव आठवतं म्हणून रडतेय असं रूममेटला वाटलं. मी मत्सराने रडत होते.

मग बडोद्यातच राहिले. इथे मी सगळ्यांची बेन आहे, चित्रकलेची टीचर आहे, कशालाही 'चालशे' म्हणते. बाबा गेल्यावर मंगरुळपीरला जाऊन हक्कसोड पत्रावर सही करून आले. कोणी जबरदस्ती केली नाही, मीच म्हटलं होतं, दादा कसतो तर त्याचंच असू दे. सही करताना हात थबकला नाही. नंतर मात्र मी एका शेतावाचून दुसरं काही काढूच शकले नाही. दादाला सांगून त्या तुकड्यातली माती मागवायची, ती कागदावर चोळायची आणि सुईने तास पाडायचे, एका दाण्याला एक भोक. गेल्या हिवाळ्यात बारा फुटांचा कागद पुरा झाला, प्रदर्शन लागलं. चित्राचं नाव मी ठेवलं, 'माझं शेत'.

दादा-वहिनी पहिल्यांदाच बडोद्याला आले. लोक कागदासमोर गंभीर चेहऱ्याने उभे राहत, आठवण, भूमी, नातं असं काहीबाही बोलत. वहिनी बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, हे उभं पेरलं तुमी. आता आपन आडवं पेरतो."

"आडवं?"

"उताराले आडवं. तुमच्या टायमाले उभे तास होते नं, सारी माती वाहून नाल्यात जाये. म्हून मीच तुमच्या दादाले म्हटलं, आडवं पेरा. सात-आठ वर्सं झाली."

सात-आठ वर्षं! मी सुई टोचत बसले होते त्या रेघा जमिनीवर उरल्याच नव्हत्या. आणि त्या पुसल्या कोणी, तर वहिनीने. मला कोणी विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं, सही माझीच होती. वहिनीने केलं ते बरोबर होतं, यानेच अंगाचा जास्त तिळपापड झाला. रात्रंदिवस मातीचं नाव घेणारी मी, आणि माती अडवली तिने.

या जूनमध्ये मी हट्टाने पेरणीला गेले. सोयाबीन आता सगळीकडे ट्रॅक्टरने पेरतात, पण त्या तिरप्या तुकड्यात ट्रॅक्टर वळत नाही. तिथे अजून बैल, तिफण आणि वहिनीचा सरता आहे. "वहिनी, एक तास मले पेरू दे," मी म्हटलं. ती हसली. "घ्या नं ताई, तुमचंच हाय." ज्याचं असतं त्यालाच असं म्हणता येतं, हे मला तेव्हा कळलं. मी पेरलं. बाभळीच्या खुंटाशी टाच रुतली, नाल्याच्या वळणावर बैल दचकले, मधे एकदा दाणेच बोटांना चिकटले. तीनही जागा मी मनात धरून ठेवल्या. म्हटलं, असू देत, गाव म्हणेल ताई येऊन गेली.

तीन आठवड्यांनी वहिनीचा फोटो आला. माझा तास हिरवागार, सलग. खुंटापाशीसुद्धा जागा सुटलेली नाही. मी लगेच फोन लावला.

"नांगे भरले का तू?"

"मंग काय! तुमचा हात कुठं थबकला ते पाह्यलं होतं मी, दुसऱ्याच दिवशी येऊन तिथं हातानं दाणे टोबले. कायले ठेवू? गावानं तुमाले नावं ठेवली असती."

मी 'बरं केलंस' म्हटलं. तिने माझी लाज राखली होती, आणि त्या शेतात माझं म्हणून जे काही होतं तेही माझ्याकडून घेतलं होतं. तुम्ही गावात असा की माझ्यासारखे निघून आलेले, घर म्हणजे काय ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं घर आता तिथे आहे, जिथे माझी चूक दुसरीच बाई इतक्या मायेने बुजवते की मला तिचा रागही करता येत नाही. हेवा तेवढा करता येतो, तो मी करते.

जुना बारा फुटी कागद गुंडाळून ठेवलाय. नवा भिंतीला लावला, तास आडवे धरले. बाभळीचा खुंट, नाल्याचं वळण आणि मधली एक जागा, तिथे आल्यावर मी सुई उचलते, पुढे नेते. इथे तरी वहिनीचा हात पोचत नाही.