ओट्यामागची फट

दिल्ली आणि आसपासच्या इतक्या इमारती मी मोजल्या आहेत, की माझी टेप सलग अंथरली तर ती पानिपतला जाऊन, जेवून परत येईल. काम सांगायला सोपं आहे. उभी असलेली इमारत आतून-बाहेरून मोजायची आणि आहे तशी कागदावर उतरवायची, कारण तिचे मूळ नकाशे एकतर हरवलेले असतात नाहीतर खोटे असतात. करोल बागेत मी एक इमारत मोजली, तिचा जिना एकाच्या दागिन्यांच्या दुकानात सुरू होऊन दुसऱ्याच्या न्हाणीघरात संपत होता. आत एक गृहस्थ अंघोळ करत होते. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.

या कामात एक गोष्ट पक्की कळली. या शहरात काटकोन नाही. खोली कितीही चौकोनी दिसो, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्यायचं, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांमधलं घ्यायचं. दोन्ही आकडे सारखे आले, की खोली गुण्यात आहे म्हणायचं. मला ते सारखे आले फक्त दोनदा, आणि त्यातल्या एकदा मी तापाने फणफणलो होतो. म्हणून तिरकी मापं घेतल्याशिवाय मी खोलीतून पाय काढत नाही. बायको सगळ्यांना सांगते, मधुचंद्राला गेलो तेव्हा यांनी हॉटेलची खोली मोजली. साफ खोटं. फक्त तिरकी मापं घेतली होती.

आता साहेबांकडे येतो. हे आर्किटेक्ट, गुरुग्राममध्ये यांचं ऑफिस, मूळचे पुण्याचे, म्हणजे आपलेच. मी पाच वर्षं त्यांच्यासाठी मोजणी करत होतो. एका टॉवरमधल्या ऑफिसात काचेची भिंत बसवायची होती. मी खोली मोजली. ती एका टोकाला दीड इंच आवळलेली निघाली. तसं हाताने काढलेल्या कागदावर लिहून दिलं, तिरक्या मापांसकट. पण साहेबांना वाकडी रेघ बघवत नाही. "ड्रॉइंग कसं क्लीन दिसलं पाहिजे, यार," असं म्हणत त्यांनी तिरकी मापं उडवली, स्क्रीनवर खोली सरळ केली आणि माझा कागद टोपलीत टाकला.

काच आली. ही काच एकदा भट्टीतून निघाली की तिला नखाएवढंही कापता येत नाही. दीड इंच मोठी निघाली. क्लायंट उभा, ठेकेदार उभा, काच धरून आठ माणसं घामाघूम. साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "गलती हमारी नहीं है. टेपवाले ने गलत नापा."

टेपवाला! पाच वर्षं मी यांच्या घरी चकल्या खाल्ल्या होत्या.

"सर, तिरकी मापं दिली होती," मी म्हणालो.

"कहाँ हैं? दिखाओ."

दाखवणार काय? कागद टोपलीत गेला होता आणि मी त्याची प्रत ठेवली नव्हती.

ही बातमी गणेश मंडळात माझ्या आधी पोहोचली. मंडळात एक काकू आहेत, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, पण मंडळातून कधीच न होणाऱ्या. त्यांनी आरतीनंतर सगळ्यांसमोर ताट पुढे केलं. "या, दीड इंच! मोदक घ्या. मोजून देऊ का?" तेव्हापासून माझं तेच नाव पडलं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मराठी कॅन्टीनमध्ये वडा खायला गेलो तर मागून आवाज, "दीड इंच, सरका जरा." तिथवर मी सहन केलं. पण एक दिवस शाळेतून आल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, सगळे तुम्हाला दीड इंच का म्हणतात? तुम्हाला मोजता नाही येत?"

त्या दिवशी मी शपथ घेतली. जुन्या काळी लोक अशा वेळी शेंडीला गाठ मारत. मला शेंडी नाही, म्हणून टेपला मारायला गेलो. टेप पोलादी, बोट कापलं. म्हणजे शपथेवर रक्तही सांडलं.

तीन वर्षं थांबलो. मग साहेबांचा फोन आला. "अरे, माझा नवा फ्लॅट मोजून दे ना. ऑफिसातली मंडळी बिझी आहेत. तू आपला माणूस, म्हणून तुला सांगतोय." त्यांना काचेचं प्रकरण आठवतही नव्हतं. काचेपेक्षा त्याचाच मला जास्त राग आला.

"बिल्कुल, सर," मी म्हणालो.

बाविसावा मजला. स्वयंपाकघरात ओट्यासाठी अखंड काळा ग्रॅनाइट येणार होता, एकही सांधा नसलेला, कारखान्यातूनच कापून. मी लेसर लावला, तिरकी मापं घेतली, आकडे बघितले आणि त्या यंत्राचा मुका घेतला. मागची भिंत तिरपी होती. किती? दीड इंच! तुम्ही म्हणाल, बरोबर तेवढीच कशी? तुम्ही होतात का तिथे?

मी काम चोख केलं. तिरकी मापं लाल शाईने लिहिली. तोंडीसुद्धा सांगितलं, "सर, मागची भिंत गुण्यात नाही." आता वरच्या मजल्यावर त्याच वेळी ड्रिल सुरू होतं आणि साहेब फोनवर बोलत होते, त्याला मी काय करणार? कागदाखाली मी ओळ लिहिली होती, 'तिरकी मापं वाचली.' साहेबांनी फोन न सोडता तिच्याखाली सही ठोकली. मी कागदाचा फोटो काढला, साहेबांसकट. साहेबांना त्याची प्रत दिली आणि अस्सल कागद घरी नेऊन लॅमिनेट केला.

वास्तुशांतीला अख्खं मंडळ हजर. ओटा आदल्याच दिवशी बसला होता, आरशासारखा. मागच्या भिंतीला लागून झेंडूची जाडजूड माळ. ओट्यावर झेंडू कशाला, हा प्रश्न सगळ्यांना पडला, मला एकट्याला नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. नैवेद्य वाढता वाढता काकूंनी तुपाचा चमचा मागे ठेवला. चमचा गायब. मग जायफळ ठेवलं. तेही गेलं. काकूंनी माळ उचलली. एका टोकाला ओटा भिंतीला चिकटलेला, दुसऱ्या टोकाला दीड इंचाची फट.

"अहो, हा ओटा आहे की चोर?"

साहेब त्याच शांत आवाजात म्हणाले, "काय सांगू काकू, मापात गडबड झाली. त्या टेपवाल्याने..." आणि त्यांना मी दिसलो. हातात शिऱ्याची बशी घेऊन, अगदी पाहुण्यासारखा.

हे वाक्य ते बोलणारच, या भरवशावर मी तीन वर्षं जगलो होतो. मी बशी खाली ठेवली आणि कुडत्यातून टेप काढली. "काकू, जरा टोक धरता? त्या कोपऱ्यात." काकूंनी धरलं. पहिलं तिरकं माप त्यांनीच वाचलं, सभेचं इतिवृत्त वाचावं तसं. मग दुसरं. मग मी लॅमिनेट केलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, आकडे ताडून पाहिले, खालची ओळ वाचली.

"आकडे तेच आहेत. आणि ही सही कोणाची?"

चाळीस माणसं होती, पण फोडणीतली मोहरीसुद्धा तडतडायची थांबली.

"सर," मी म्हणालो, "आता काचेचंही सांगून टाका."

साहेब झेंडूकडे बघत पुटपुटले, "ती खोली मीच सरळ केली होती."

"मागे ऐकू आलं नाही, सर."

ते पुन्हा बोलले. हॉलमध्ये गुरुजींनाही ऐकू गेलं. काकूंनी शिऱ्याची वाटी भरली, माझ्या अंगावरून पुढे नेली आणि साहेबांच्या हातात दिली. "घ्या, दीड इंच. गरम आहे."

परतताना मेट्रोत मुलगी माझी टेप ओढून-सोडून बघत होती. मग म्हणाली, "बाबा, ओटा यायच्या आधी तुम्ही त्यांना जोरात का नाही सांगितलं?"

"सांगितलं ना. ड्रिल चालू होतं."

"अच्छा. आणि बंद झाल्यावर?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. गाडी जमिनीखाली शिरली होती, बाहेर नुसता काळोख होता. तरी राजीव चौक येईपर्यंत मी तिकडेच बघत राहिलो. इतकं हसू येत होतं, की वळलो असतो तर तिला दिसलं असतं.