पाहुण्यांचे वडे आणि गोलात उभी पोर

माझी मुलगी आयर्लंडमधल्या लिमरिकच्या ज्या कॉलेजात शिकते, तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघासारखा मोसम जगाच्या पाठीवर कुणी पाहिला नसेल. मी पाहिला, आणि मी वाढवून कधी सांगत नाही. पहिला सामना परगावी होता. तो आम्ही असा हरलो की फलकावर आकडे लावणाऱ्या बाई थकून खुर्ची आणायला गेल्या. पुढच्या आठवड्यात घरच्या मैदानावर आमच्याच पोरींनी गेल्या वर्षीच्या विजेत्यांना इतकं धुतलं, की पाहुण्यांची बस लाजून चालूच होईना. मग लेटरकेनीला जाऊन पुन्हा धुळधाण. मग घरी पुन्हा दिवाळी.

मुलगी गोलकीपर. इथला फुटबॉल हातापायांनी खेळतात. आडव्या दांड्यावरून चेंडू गेला तर एक गुण, जाळीत गेला तर तीन. वरून जाणाऱ्याला कोण काय करणार? पण जाळी राखायची ती माझ्या पोरीनं.

त्या मोसमात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या कोल्हापूरच्या. तिथे पेठेच्या संघासाठी सख्खे भाऊ आठवडाभर बोलत नाहीत, त्यामुळे मी पुण्याचा माणूस त्यांच्यासमोर फुटबॉलवर तोंड उघडत नसे. पहिल्याच दिवशी त्या ओरडल्या, "आवं जावईबापू, हातात घेतला की बॉल तिनं! रेफ्री झोपलाय व्हय?"

"इथं चालतं, आई."

"मग पायाला काय मेंदी लावलीया?"

नियम त्यांनी अर्ध्या तासात गिळले. पण एक रीत काही घशाखाली उतरेना. इकडे सामना संपला की दोन्ही संघांना चहा आणि सँडविच देतात. सामना संपल्यावर! "लांबनं आल्याली पोरं, आन् उपाशी पळायचं?" असं म्हणून त्यांनी प्रत्येक घरच्या सामन्याला पाहुण्यांची बस थांबताच बटाटेवडे, पाव आणि कट यांचं पातेलं पुढे केलं. आमच्या पोरींनी हात पुढे केला की त्यावर चापट. "पावण्यांचं झाल्याबिगर घरच्यांनी खायाचं न्हाई."

पाहुण्या पोरी काय खायच्या! ते लाल तेल बघून आधी घाबरायच्या, मग घाम पुसत पुसत तिसरा वडा मागायच्या. त्यानंतर मैदानावर त्या धावायच्या म्हणजे काय, शिमग्याचं सोंग निघाल्यासारख्या डुलायच्या. एक तर चेंडूला पाठ टेकून बसलेली मी या डोळ्यांनी पाहिली. आमच्या पोरी भुकेल्या, म्हणून चित्त्यासारख्या. आणि मी कडेला छाती फुगवून सगळ्यांना सांगत होतो, पोर माझी आहे.

शेवटचा सामना घरी होता, लेटरकेनीच्याच संघाशी. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात सासूबाई बटाटे उकडत होत्या. मुलगी दारात उभी राहिली. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र लिमरिकच्या इंग्रजीत. ते मराठीत आणताना मी दोनतीन शब्द गाळतो.

"आजी, उद्या वडे नकोत. मॅचनंतर दे."

"का गं? तिखाट झालं व्हतं?"

"घरी आम्ही जिंकतो, बाहेर मार खातो. बाहेर तू नसतेस. मला कळू दे ना, गोल मी अडवते की तुझे वडे?"

मी म्हणालो, "अगं, जिंकल्याशी मतलब."

"डॅड, तू गप्प."

सासूबाईंनी गॅस बंद केला. पाहुणा दारात उपाशी ठेवणं त्यांच्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या फुटबॉलच्या गावच्या. पोरीकडे बघून म्हणाल्या, "बरूबर हाय तुजं. उद्या झाकून ठिवते."

दुसऱ्या दिवशी बस थांबली, तेव्हा त्या पातेल्यावर ताट आणि ताटावर स्वतःचा हात ठेवून बसल्या. पाहुण्यांकडे बघवेना म्हणून मान फिरवली.

आणि काय खेळल्या त्या उपाशी पाहुण्या! वारा असा की मैदानाशेजारच्या गायी तिरक्या उभ्या होत्या, आणि त्या वाऱ्यात चेंडू तोफेच्या गोळ्यासारखे येत होते. माझ्या पोरीनं एक छातीवर घेतला, एक गुडघ्यावर, एक तर नाकावर. वरून गुण गेले, जाळी कोरडी. शेवटी आम्ही एका गुणानं पुढे, शिट्टीला श्वासभर वेळ, आणि पंचांनी पाहुण्यांना पेनल्टी दिली. मारायला आली ती पोर माझ्या फ्रिजएवढी होती. फ्रिज मोठा आहे.

तिनं मारला. माझी पोर डावीकडे झेपावली ती थेट चिखलात, आणि उठली तेव्हा चेंडू पोटाशी होता. साऱ्या मोसमातला आमचा सगळ्यांत चिमुकला विजय.

सासूबाई ओरडल्या, "नाद खुळा!"

ती कुंपणापाशी आली. नाक सुजलेलं, भुवयांपर्यंत चिखल. लहानपणानंतर पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली. "बाबा, मी अडवला ना?"

एवढ्यावर मला काय काय रचता आलं असतं.

"तूच अडवलास," मी म्हणालो.