कोवळ्या ज्वारीतलं विष

कुर्डुवाडी स्टेशनात गाडी हलली तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, हात हलवला नाही. खांद्यावरचं घोंगडं सावरत नुसते उभे राहिले. "त्या ज्वारीत विष कुटनं येतं, तेवढं हुडकून काढ," एवढंच म्हणाले होते. आई पदर तोंडाशी धरून रडत होती. मी मुंबईमार्गे जर्मनीला शिकायला निघाले होते.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. पावसानं ताण दिलेला, मोडनिंबच्या शिवारात ज्वारी खुरटलेली. आमची मेंढरं त्या कोवळ्या पानांत शिरली आणि बघता बघता निम्मा कळप थरथरून आडवा झाला. आबा एकेका मेंढीचं तोंड उघडून श्वास बघत फिरत होते. ते माझ्या डोळ्यांपुढून कधी गेलंच नाही.

इथं जर्मनीत लॅबच्या काचघरात मी ज्वारीच वाढवते. ज्यांचं काम कुणालाच ठाऊक नाही अशी जनुकं एकेक करून बंद करायची. मग त्या रोपाच्या पानांतली रसायनं मशीनवर मोजायची आणि साध्या रोपाशी ताडून बघायची. काय घटलं, काय साठलं, त्यावरून त्या जनुकाचं काम उमगतं. कितीतरी रोपांत काहीच फरक दिसला नाही. वर्षं गेली. मग एका रोपात विष जवळजवळ नव्हतंच, आणि विष होण्याच्या एक पायरी आधीचा पदार्थ तुंबून राहिला होता. पुन्हा पुन्हा तपासलं. तेच.

मी फोन लावला. "आबा, सापडलं!"

"लई झ्याक झालं," ते म्हणाले. "पर पोरी, मेंढरं इकली की गं आमी. पाय चालंनात आता. तुज्या जिवाला घोर नको म्हून सांगितलं न्हाय."

त्याच हिवाळ्यात आबा गेले. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. कळप बसायचा त्या जागी भावानं पंक्चरचं दुकान टाकलंय. मी उगाच तिथं जाऊन उभी राहिले. नुसता रबराचा वास.

माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हालाही हे कधीतरी ऐकावं लागलं असेल. पूर्वी आई विचारायची, "घरी कवा येतीस?" यावेळी मी निघताना म्हणाली, "घरी पोचलीस की फोन कर."

जर्मनीत उतरल्यावर केला फोन. "पोचले," म्हटलं. कुठं, ते काही मला सांगता आलं नाही.