गार गाडीचं दुखणं

आमचे हे तापट आहेत असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं? मीही काही कमी नाही, म्हणून तर संसार निभावला. गाड्या दुरुस्त करण्यात यांची उभी हयात गेली. बॉनेट उघडायच्या आधीच नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखायचे. मग कान गेले. एका गिऱ्हाइकाच्या चाकाचं बेअरिंग ओरडत होतं, ते यांना ऐकू आलं नाही आणि गाडी तशीच परत दिली. तो माणूस चारचौघांत वाट्टेल ते बोलून गेला. त्या दिवशी यांनी गॅरेजचं शटर खाली ओढलं ते ओढलंच. कानाचं यंत्र आणलं, तर इंजिनाजवळ गेलं की त्यात नुसता कल्लोळ. तेही कपाटात गेलं.

तेव्हापासून हे आपले खिडकीशी. जेवायला बोलावलं तर जेवणार, नाही तर तसेच बसणार. माझा जीव तीळतीळ तुटायचा. हा माणूस परत कामाला लागला नाही तर हातचा जाईल हे मला दिसत होतं, आणि करायचं काय ते सुचत नव्हतं.

अशात वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई जिन्यात भेटल्या, अगदी रडकुंडीला आलेल्या. "काकू, सकाळी ड्यूटीला निघताना गाडी लवकर सुरूच होत नाही हो. स्टार्टर मारून मारून हात दुखतो. दुपारी मात्र एका झटक्यात. गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी वागते. बॅटरी बदलली, प्लग बदलले, ढिम्म फरक नाही."

"उद्या सकाळी काका बघतील," मी सांगून मोकळी. यांना विचारलं कुठे होतं?

घरात येऊन कानाशी ओरडून सगळं सांगितलं, तर भडकलेच. "नसत्या उठाठेवी कोणी सांगितल्या होत्या तुला? मला ऐकू येत नाही. तिथे काय शोभेला उभा राहू?"

"राहा. घरात तरी कुठे शोभा देताय," मी म्हटलं.

रागाने लालबुंद झाले. मला मात्र बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "अगं, गॅरेजपर्यंत चालवत नेतात, तोवर इंजिन गरम होतं. मग दुखणं दिसणार कसं? तिला सांग, सकाळी मी येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. एकदा सुरू झाली की तो दिवस फुकट." मी चपला न घालताच जिना चढले.

सकाळी गाडीच्या काचा दवाने पांढऱ्या झाल्या होत्या. यांनी मागची सीट उचलली. पेट्रोलचा पंप तिथे खाली, टाकीतच असतो. त्याच्या झाकणावर तळहात टेकला आणि नर्सबाईंना म्हणाले, "किल्ली अर्धीच फिरवा. स्टार्टर नको." पंप जरासा घरघरला आणि थांबला. मला जेमतेम ऐकू आलं. यांनी डोळे मिटले होते.

"मोकळाच फिरतोय," हे म्हणाले. "बंद करा. परत फिरवा." परत घरघर. "अजून एकदा." नर्सबाईंनी तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. "हां, आता जड झाला. आता त्याला जोर लागतोय. मारा स्टार्टर."

गाडी अशी फटकन सुरू झाली की नर्सबाईच दचकल्या. मी टाळ्या पिटल्या, भर रस्त्यात, या वयात. यांनी झाकणावरचा हात काढला नाही. डोळे उघडले आणि तोंडभर हसले. मग सगळ्या इमारतीच्या खिडक्या उघडतील एवढ्या मोठ्याने सांगायला लागले. "पंपाची झडप गळतेय. रात्रभरात पाइपातलं पेट्रोल टाकीत परत उतरतं. सकाळी पाइप रिकामा, मग स्टार्टर बिचारा काय करणार? तीनदा किल्ली फिरवली, पाइप भरला."

नर्सबाईंनी काहीतरी विचारलं. हे माझ्याकडे बघायला लागले. "दुरुस्त कधी होईल विचारतायत," मी कानाशी ओरडले.

"संध्याकाळी गॅरेजात आणून ठेवा," हे म्हणाले. "रात्रभर गार होऊ दे. सकाळी पेट्रोलचा दाब मोजून खात्री करतो, मगच पंप उतरवतो."

गॅरेजात, म्हणाले.

गाडी गेली तरी हे तिथेच हात पुसत उभे राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू येशील का गं रोज? इंजिन मला हाताला कळतं. माणसं काय बोलतात ते नाही कळत."

इतकं हळू बोलणं यांना जमतं हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं. मग जवळ जाऊन कानाशी परत म्हटलं, कारण पहिलं त्यांना ऐकू गेलं नव्हतं.