डावीकडून चढणारे मामा

माझ्या थोरल्या वहिनीच्या मामांनी मला धारेला आणून रिसाल्याच्या कचेरीत बसवले नसते, तर मी आज कुठे असतो हे मला सांगता येत नाही. म्हणून त्यांचे उपकार आधी सांगून टाकतो आणि मग त्यांच्या तऱ्हा सांगतो. जगात चढण्यासारख्या म्हणून जेवढ्या वस्तू आहेत त्या सगळ्या घोडेच आहेत, असे धरून चाळीस वर्षे जगलेला दुसरा माणूस अख्ख्या माळव्यात सापडायचा नाही. आणि आमच्या रिसाल्यातून विमानात बसायला नाव देणारा पहिला आणि शेवटचा माणूसही हाच. यात लोकांना मोठी विसंगती दिसली. मला दिसली नाही.

मामा रिसालदार होते, म्हणजे धारेच्या घोडदळातले अंमलदार. मी देवरुखाकडचा. वडील गेले तेव्हा माझी इंग्रजी तिसरी अर्ध्यावर होती, ती तशीच राहिली. वहिनीची चिठ्ठी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन मी धारेला उतरलो तेव्हा मामांनी माझे नावही विचारले नाही. पुढ्यात कागद सरकवला आणि म्हणाले, "लिही." मी विचारले, काय लिहू? "आत्ता तुला काय दिसतंय ते." मी घाबरून दिसेल ते लिहीत सुटलो: मेज, दौत, खिडकीतून आत डोकावणारे एक घोडे, रिसालदारांची मिशी. मामांनी कागद वाचला, खिशातून आरसा काढून स्वतःकडे पाहिले आणि म्हणाले, "मिशीचं डावं टोक खाली आलंय असं लिहिलंयस. आलंय खरं. उद्यापासून ये." वरच्या साहेबांनी माझ्या इंग्रजीची चौकशी केली तेव्हा मामा अगदी शांतपणे म्हणाले, "वाढतंय." शिंगराबद्दल बोलावे तसे. त्या एका शब्दावर मी नोकरीला लागलो आणि माझे इंग्रजी वाढले नाही हे कधी उघडकीला येते या धास्तीत पुढची पाच वर्षे काढली.

मामा कुठेही चढत ते डावीकडून. घोड्यावर सगळेच तसे चढतात. मामा खाटेवर, टांग्यात, झोपाळ्यावर आणि जेवायच्या पाटावरसुद्धा डावीकडूनच चढत, आणि बसण्यापूर्वी त्या वस्तूच्या मानेवर, म्हणजे मामांना जिथे मान वाटेल तिथे, दोन थापा मारीत. एकदा अमझेऱ्याला लग्नाला जायचे होते. छकडा भिंतीला लागून उभा, डावीकडे बोटभर जागा नाही, आणि आत वऱ्हाडी मंडळी खच्चून बसलेली. मामांनी सगळ्यांना खाली उतरवले, छकडा पुढे घेतला, डावीकडून चढले आणि मग म्हणाले, "आता या." मुहूर्त थोडक्यात वाचला. दुसरा नाद नकाशांचा. कुठेही गेले की खिशातली शिसपेन्सिल निघालीच. त्याच लग्नात त्यांनी पंगतीचा नकाशा काढला. मठ्ठा कुठून येतो, जिलबी कुठे अडते, वाढपी कोणत्या खांबाशी गप्पा मारीत थांबतो, सगळे त्यात होते. यजमानांनी तो पाहून खांबापाशी एक पुतण्या उभा केला, आणि दुसरी पंगत लवकर उठली.

मामांचे घर देवासला, सणावारी ते मलाही तिथे नेत. ज्यांनी देवास पाहिले नाही त्यांना सांगायला हवे की तिथे एकाच गावात दोन राज्ये नांदतात, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू एका महाराजांची, ती दुसऱ्यांची. मामांचे घर थोरल्या पातीत होते आणि मामी पाणी भरायच्या ती विहीर धाकट्या पातीत. मामी म्हणायच्या, "अहो, हे रिसालदार असून वर्षातून एकदा सरहद्द ओलांडतात. मी दिवसातून आठ वेळा ओलांडते, घागर घेऊन."

महायुद्ध सुरू होऊन दुसरे वर्ष लागले होते. सरकारात द्यायचे घोडे मुंबईच्या बंदरावर पोचवायला मामा गेले आणि परत आले ते गप्पच.  त्यांचा साईस भेरूजी हा मोठा धीट माणूस. त्याने घोडीला खरारा करता करता विचारले, "कईं हुयो, सा'ब?" मामा म्हणाले, "विमान पाहिलं." धक्क्यावर लाकडी पेट्या पडल्या होत्या, त्यांतली एक उघडी होती. आत पंख वेगळे, धड वेगळे, मध्ये गवत भरलेले. ते उडताना कधी पाहिले, हे भेरूजीला हवे होते. "उड़तो कद देख्यो?" "नी देख्यो." "तो भरोसो कईं?" मामा म्हणाले, "भरोसा तो घोडे का भी बैठने के बाद ही होता है, भिया."

इथपर्यंत आम्ही हसत होतो. मग एके दिवशी मामा कचेरीत माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "कोकण्या, रिसाल्याचं खरं काम काय? तलवार नव्हे. पुढे जायचं, बघायचं, परत येऊन सांगायचं. आता बघायला लोक वरून जातायत. खाली तारांची कुंपणं घातलीत, त्यात घोडी अडकून मरतायत. मग मी इथे खोगीर घासत काय करू? विमानात एक चालवणारा असतो आणि एक बघणारा. मला बघायला जायचंय. अर्ज लिही."

अर्जासोबत उंचावरून काढलेला एखादा नकाशा नमुन्यादाखल जोडावा, ही कल्पना मामांचीच. नवरात्र आले होते. देवासला देवीच्या टेकरीखाली जत्रा भरते, तिथे लाकडी राहाटपाळणा येतो, चार गडी हाताने फिरवतात. मामा एका पाळण्यात डावीकडून चढले, मागे तोंड करून बसले, कारण बघणाऱ्याला मागचेही बघावे लागते असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. गुडघ्यांवर फळी, फळीवर कागद. पेन्सिली धरायला शेजारी मी. पाळणा एकदा सुटला तो दिवस कलेपर्यंत. वर गेलो की मामा दोन रेघा ओढत, खाली येताना पेन्सिलीला टोक काढत. मी पहिल्या फेरीला डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. पाळणेवाला विनवीत होता, "अरे भिया, इनमें तो छोरा-छोरी बैठे हे. अब उतरो." जेवायच्या वेळेला मामी डबा घेऊन आल्या आणि खाली उभ्या राहून म्हणाल्या, "उतरताय का?" वरून आवाज आला, "पुढच्या फेरीला दे." मग आमचा पाळणा खाली आला की मामी एक घास हातावर ठेवायच्या आणि तो वर जायचा. "लग्नात उखाणा घेऊन घास भरवला त्याला वीस वर्षं झाली," त्या मला म्हणाल्या, "तेव्हा निदान हे जागचे हलत नव्हते." मी काही खाल्ले नाही. खाल्ले असते तर खालच्या लोकांना त्रास झाला असता.

नकाशा मात्र असा उतरला की पाहत राहावे. घरी आल्यावर मी तो दुसऱ्या कागदावर पक्क्या शाईने गिरवला आणि देवासच्या रिवाजाप्रमाणे थोरली पाती तांबडी आणि धाकटी पाती हिरवी रंगवली. तिथला प्रत्येक कागद तसाच रंगवतात. न रंगवलेला नकाशा दोन्हीकडचे कारकून परत पाठवतात. मामांनी तो पाहिला, फाडला आणि पेन्सिलीचा कच्चा कागद पुढे केला. "परत गिरव. रंग नको. वरून मला सरहद्द दिसली नाही. दिसलं नाही ते काढायचं नाही." अर्जात वयाच्या रकान्याशी मी घुटमळलो. म्हटले, दोन-तीन वर्षे कमी घालू या, कोण बघतो. मामांनी आरसा काढून स्वतःच्या मिशीपुढे धरला. "मिशी पांढरी दिसते की काळी?" मी खरे वय लिहिले.

आता जे सांगायचे ते सांगताना मला लाज वाटते. तो अर्ज मी टपालात टाकला नाही. खणात ठेवला. मामा गेले की नवा रिसालदार येणार, तो माझ्या इंग्रजीला हात लावून बघणार, मग मी, माझी पत्र्याची पेटी आणि देवरुखचा रस्ता. भावाचे त्याच्याच पोराबाळांना पुरेना, म्हणून घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी माझ्यावर अवलंबून. रोज सकाळी मामा विचारीत, "गेला?" मी म्हणे, "गेला." मग ते दाराशी उभे राहून टपालवाल्याची वाट बघत. ज्या अर्जाचे उत्तर येणे शक्यच नव्हते त्याची ते वाट बघत आहेत हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. नऊ दिवस मला जेवण गोड लागले नाही. दहाव्या दिवशी मी तबेल्यात गेलो. मामा घोडीचा खूर मांडीवर घेऊन साफ करीत होते. मी म्हटले, "मामा, अर्ज खणात आहे."

त्यांनी खूर खाली ठेवला नाही. खडा निघेपर्यंत काम चालूच ठेवले. मग म्हणाले, "घोडं जागच्या जागी अडतं ना, तेव्हा त्याला काहीतरी दिसलेलं असतं. म्हणून त्याला मारायचं नसतं, विचारायचं असतं. तुला काय दिसलं?"

मी म्हटले, "तुम्ही गेल्यावर मी."

मामांनी खूर खाली सोडला आणि घोडीच्या मानेवर हात फिरवला. "मला काय दिसतंय सांगू? चाळिशी उलटल्यावर पोरसवदा गोऱ्यांच्या ओळीत मी बाकावर बसलोय, आणि मास्तर माझ्या मुलाच्या वयाचा आहे. मलाही अडावंसं वाटतं." मग एकदम म्हणाले, "असं करू. मी बसतो बाकावर, तूही बस. तुझी तिसरी पुरी कर. आता जा, टपाल निघायच्या आत टाकून ये." रागावले असते तर बरे झाले असते असे मला त्या दिवशी वाटले.

उत्तर यायला दोन महिने लागले. पहिल्या उत्तरात वय जास्त म्हणून नकार होता. दुसरे आठवड्याने आले. नकाशा कुणाच्या तरी नजरेस पडला होता. बघणाऱ्याची जागा आहे, पण रिसालदारी इथेच ठेवून उमेदवार म्हणून यावे लागेल. रिसाल्यात चेष्टेला ऊत आला. कुणी म्हणाले, ढगाला दाणावैरण काय घालणार. मामी एवढेच म्हणाल्या, "घोड्यावरून पडले तर कुठे पडतील हे तरी मला माहीत होतं." आणि लाडवांचा डबा बांधायला आत गेल्या. इंदूरच्या स्टेशनावर आम्ही त्यांना पोचवायला गेलो तेव्हा फलाट गाडीच्या उजव्या अंगाला होता. गार्डाने शिटी फुंकली तेव्हा मामा इंजिनाला वळसा घालीत होते. पलीकडून रुळांतून ते डब्यात चढले, खिडकीशी आले, डब्याला दोन थापा मारल्या, आणि गाडी सुटली. भेरूजी म्हणाला, "देखो, इशारो समझी गी."

नव्या रिसालदारांनी माझे इंग्रजी तपासले. मी सांगून टाकले की तिसरीत बसलो आहे, अजून पुरी व्हायची आहे. ते हसले आणि मला राहू दिले. खरेच बसलो होतो. सकाळी शाळा, मग कचेरी. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला अजून मिसरूड फुटलेले नाही आणि त्याचे गणित माझ्यापेक्षा चांगले आहे. पहिल्या दिवशी वर्ग हसला. मी बाकावर डावीकडून चढलो आणि बसलो.

मामांची पत्रे बसऱ्याकडून येत. पहिल्यात लिहिले होते, "इथे चालवणाऱ्या साहेबाने मला पहिला धडा दिला की विमानात डावीकडून चढायचे. मी म्हटले, मला दुसरीकडून येतच नाही." शेवटचे पत्र गेल्या दिवाळीच्या आधीचे. त्यात नुसता नकाशा आहे: नदी, खजुरांची रांग, तंबू, आणि वरच्या अंगाला बराच कागद कोरा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत, "इकडचे अजून दिसले नाही. उद्या जाणार." त्यानंतर पत्र नाही. मामी विहिरीवरून येताना टपालवाल्याकडे बघतात, विचारीत नाहीत. मीही त्या कोऱ्या जागेत काही भरीत नाही. दिसले नाही ते काढायचे नाही.

पण मामा, तुम्ही या. येत्या नाही तर त्यापुढच्या नवरात्रात या. त्याच पाळण्यात तुम्हाला बसवीन, पेन्सिली तुम्ही धरा. फळी माझ्या गुडघ्यांवर असेल, मामी खालून घास देतील, आणि मी डोळे उघडे ठेवून सगळे देवास तुम्हाला काढून देईन.