हँडलवरची टोपी

शिरपूरहून चोपड्याकडे जाताना केळीच्या बागा लागतात, तिथं आमचं सबस्टेशन होतं. वीज दीपनगरला तयार व्हायची, मनोऱ्यांवरून मोठ्या केंद्रात यायची आणि तिथून आमच्याकडे. आम्ही तिचा दाब उतरवून चार फीडरांवर, म्हणजे चार लाईनींवर, गावोगाव सोडायचो. लोकांना वाटायचं, आम्ही वीज कोठीत भरून ठेवतो आणि देताना हात आखडतो. "भाऊ, आज जरा जास्त सोड ना!" अरे बाबा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ऐंशीच्या दशकात मी तिथं ऑपरेटर होतो. स्वभाव तापट. रोज शिव्या खाणारा माणूस थंड राहील कसा?

आमचा लाईनमन पन्नाशीचा, मोठा चेष्टेखोर. खांबावर चढायच्या आधी तो त्या फीडरचं हँडल खाली ओढून लाईन बंद करायचा आणि स्वतःची पांढरी टोपी त्यावर अडकवायचा. 'माणसे काम करीत आहेत' अशी पत्र्याची पाटी होती, पण तिला कोण जुमानतो! टोपीला मात्र सगळे मानायचे. टोपी आहे म्हणजे माणूस खांबावर आहे. काम संपलं की तोच टोपी काढणार, "टाक रे भाऊ!" म्हणून ओरडणार आणि मग मी लाईन सोडणार.

त्या मे महिन्यात वीज पाळीनं मिळत होती. नाल्यापलीकडच्या खांबावर बिघाड झाला, म्हणून लाईनमन टोपी अडकवून गेला. दुपारी मोठ्या केंद्राचा फोन आला, "तुमच्या नाल्याकडच्या फीडरची पाळी लागली, लगेच घ्या. नाहीतर पुढच्यांना देतो." फोन ठेवून बाहेर आलो तर हँडल बोडकं! टोपी नाही.

गेटवर शेतकरी जमलेच होते. "टोपी नही शे, काम व्हयी गयं! टाक लाईन!" त्यांच्यात एक नाना होते. कधी आवाज न चढवणारा माणूस. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "भाऊ, घड धरलेत रे. आज पाणी नही भेटनं तर बठ्ठी केळी जळी जाई."

मी घोटाळ्यात पडलो. मी फोनवर असताना लाईनमन ओरडून गेला असेल का? भूक लागली की तो तसाच घरी सटकायचा. रस्त्यापलीकडे केळीनं माना टाकलेल्या दिसत होत्या. पण त्याची हाक मी ऐकली नव्हती. "तो स्वतः येऊन सांगेल तेव्हाच!" मी ओरडलो. कुणी माझी आई-बहीण काढली. मीही काही कमी बोललो नाही. नानांकडे मात्र बघवेना.

कुणाला तरी नाल्याकडे धाडावं म्हणतोय, तोच लाईनमन धावत आला. अनवाणी, टोपी मुठीत. त्यानं आधी हँडल बघितलं. ते खालीच होतं. टोपी पुन्हा त्यावर अडकवून तो मटकन खडीवर बसला. "काम अर्धं शे," तो म्हणाला. "अक्का टोपी लयी उनी."

अक्का म्हणजे माझी आई. आमच्या क्वार्टरवर नुकतीच राहायला आलेली. कुंपणाला लागून असलेल्या हँडलवर तिला टोपी दिसली आणि तिला दया आली. उनम्हा बोडका माणूस खांबावर, अन् टोपी अठे भुली गया! ती पाण्याचा तांब्या भरून, त्यावर टोपीचं झाकण घालून निघाली. लाईनमनला वरून आधी बांधावरची अक्का दिसली, मग तांब्यावरची आपली टोपी. तो खाली कसा उतरला ते त्यालाच ठाऊक.

मागून आई धापा टाकत आली. मी तिच्यावर खेकसणार, तेवढ्यात लाईनमननं तिच्या हातून तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायला. "अक्का, पाणी गोड शे," तो म्हणाला. मी आईला घरी धाडलं.

आत फोन वाजला. आमची पाळी पुढच्यांना गेली होती. नानांना सांगितलं. ते आपल्या हातांकडे बघत होते, मघाशी माझ्यापुढे जोडलेल्या. मग ते लाईनमनजवळ गेले आणि आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. "तू काम कर, भो. केळी काय, परत लावसूत."

तेव्हापासून लाईनमनच्या दोन टोप्या झाल्या. स्वतःची हँडलवर, नानांची डोक्यावर. खांबाकडे निघताना तो आमच्या दाराशी थांबायचा. "अक्का, डोकावर टोपी शे बरं!" आई खूश व्हायची. आल्यागेल्याला सांगायची, मी एकदा नेऊन दिली, तेव्हापासून बिचारा विसरत नाही.

ती गेली तोवर आम्ही दोघांनी तिला खरं सांगितलं नाही.