चौथ्या मेणबत्तीआधी

त्या वर्षी आगमनकाळ सुरू झाला आणि माझी प्रार्थनाच आटली. भोरमध्ये आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. नाताळाआधीचे चार रविवार आम्ही एकेका घरी जमतो, निरगुडीच्या डहाळ्या गोल मांडून दर रविवारी एक मेणबत्ती जास्तीची लावतो. आमच्यात एक रीत आहे. ज्याचा कुणाशी अबोला असेल, त्याने तो मोडल्याशिवाय काडी ओढायची नाही. ही रीत सगळ्यांना बजावणारा मीच, आणि वेल्ह्याला दिलेल्या थोरल्या आक्काशी कित्येक वर्षं बोलत नव्हतो तोही मीच.

आज खरं लिहितो. आई शेवटच्या दुखण्यात आक्काचं नाव घेत होती. मी आक्काला कळवलंच नाही. आईचं सगळं ह्याने एकट्याने केलं असं लोकांनी म्हणावं, एवढाच हव्यास. आक्का आली ती मातीलाच. "निरोप धाडला होता, पोचला नसेल," असं मी तिला सांगितलं. पुढे तिच्यासमोर उभं राहवेना, म्हणून जाणंच सोडलं.

चौथा रविवार आमच्या घरी होता. आदल्या दिवशी वेल्ह्याला निघालो खरा, पण गाडी बदलायला कापूरहोळला एसटीतून उतरलो आणि धीर सुटला. भोरची परतीची गाडी उभीच होती. तिच्या दांडीला हात घातला, तेवढ्यात मागून एका टेम्पोवाल्याची हाक आली, "काका, वेल्ह्याला येताय का? मोकळाच चाललोय, सोबत व्हईल." त्याने सगळ्यांनाच विचारलं असेल. माझा हात मात्र दांडीवरून सुटला.

आक्का अंगणात तांदूळ पाखडत होती. उभ्या उभ्याच मी सगळं सांगून टाकलं. सूप थांबलं नाही.

"म्हाईत हाय मला. तुज्या शेजारनीनं मातीच्या दिवशीच सांगितलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुज्या तोंडून यायची वाट बघत व्हते. दर वर्साला मेणबत्ती लावतोस म्हनं. हात न्हाई भाजला कदी?"

मी रडलो. ती म्हणाली, "बास आता. आत ये, भाकरी खा."

मला वाटायचं, या दिवसांत आपण प्रभूसाठी वाट तयार करायची. इथे वाट त्यानेच करून ठेवली होती, आक्काच्या मनातसुद्धा. मी फक्त टेम्पोत बसायचं होतं. त्याचे उपकार कसे फेडू?

रविवारी आक्का आली. काडेपेटी मी तिच्या हातात दिली. तिने चौथी मेणबत्ती लावली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आता तरी आमेन म्हनशील का नीट?"

कितीतरी वर्षांनी माझा आवाज सगळ्यांत मोठा निघाला.